वही फाटली, पण माल कोठीतच!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढ्यापेढ्यांवर वह्यांची पूजा होते. पाटावर नवी वही मांडायची, पहिल्या पानावर 'श्री' काढायचे, हळदकुंकू वाहायचे आणि नव्या हिशेबाला सुरुवात करायची. वास्तविक माल असतो वखारीत, पैसा असतो तिजोरीत. मग पूजा वहीची का? कारण व्यापाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कोणता माल कुठे आहे, किती आहे आणि कोणाचा आहे, हे सांगणारी वही नसेल, तर भरलेली वखार आणि रिकामी वखार यांत फारसा फरक उरत नाही.

संगणकाच्या पोटातही अशीच एक वही असते. तिला 'फाइल सिस्टिम' म्हणतात. आपले फोटो, पत्रे, हिशेब, दस्तऐवज हा सारा माल डिस्कवर कुठे कुठे ठेवला आहे, याची नोंद या वहीत असते. ही वही फाटली म्हणजे काय होते, फाटलेली पाने पुन्हा कशी जुळवतात, आणि ती जुळवण्याच्या घाईत शहाणीसुरती माणसे शाबूत माल कसा मातीत घालतात, हे आज सांगायचे आहे. विषय यंत्राचा आहे म्हणून भिण्याचे कारण नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या निघून गेलेले फडताळ ज्या गृहिणीने एकदा तरी लावले आहे, तिला तो चटकन कळेल.

लिनक्स आपल्या घरी कसे आले?

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकासाठी एक कार्यप्रणाली लिहायला घेतली आणि ती सर्वांना मोकळी करून दिली. हीच 'लिनक्स'. जगभरच्या असंख्य सर्व्हरांचा कारभार आज तिच्यावर चालतो. सर्व्हर म्हणजे तरी काय? जुन्या कचेरीत एक दफ्तरदार असे; जो मागेल त्याला हवा तो कागद तो काढून देई आणि नवा आलेला कागद जागच्या जागी लावून ठेवी. सर्व्हर हा असाच दफ्तरदार. छापखाना, दवाखाना, शाळा, वकिलाची कचेरी अशा ठिकाणी कोपऱ्यात घुंघुं करीत बसलेली पेटी असते, ती पुष्कळदा हीच.

आता तर हा दफ्तरदार आपल्या दिवाणखान्यातही येऊन बसला आहे. घरातल्या सर्वांचे फोटो एकत्र ठेवण्यासाठी दोन डिस्कांच्या लहानशा साठवणपेट्या बाजारात मिळतात. त्यांतल्या बहुतेकींच्या आत लिनक्सच असते. फार काय, आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्स आहे. तेव्हा 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून हा विषय बाजूला सारण्याची सोय आता राहिलेली नाही.

नाव एकीकडे, खाते दुसरीकडे, माल तिसरीकडे

लिनक्सवर सर्वांत रुळलेल्या वहीचे नाव आहे 'एक्स्ट-फोर'. तिच्या घराण्याचा इतिहास थोडक्यात असा. आरंभी लिनक्सने 'मिनिक्स' नावाच्या दुसऱ्या प्रणालीची वही उसनी घेतली होती. तीत ६४ मेगाबाइटांपलीकडे माल मावत नसे आणि फाइलीचे नाव १४ अक्षरांत बसवावे लागे. म्हणून १९९२ साली रेमी कार्ड यांनी 'एक्स्ट' ही नवी वही तयार केली. १९९३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, २००१ मध्ये तिसरी लिनक्सच्या मुख्य शाखेत दाखल झाली आणि २००८ च्या डिसेंबरात चौथी वापराला सिद्ध झाली.

या वहीची मांडणी मोठी गमतीची आहे. डिस्क म्हणजे एक प्रचंड कोठी समजा. या कोठीचे सारख्या आकाराचे खण पाडलेले असतात आणि प्रत्येक खणात बहुधा ४,०९६ बाइट मावतात. एक टेराबाइटच्या डिस्कवर असे सुमारे २४ कोटी ४१ लाख खण होतात! चाळीस लाख बाइटांचा एक फोटो ठेवायचा, तर त्याला हजाराच्या आसपास खण लागतात. हे खण नेहमी शेजारीशेजारीच मिळतील असे नाही. काही इथे, काही तिथे, असाही माल ठेवावा लागतो.

मग कोणते खण कोणाचे हे कसे कळायचे? त्यासाठी प्रत्येक फाइलीचे एक खाते असते. त्याला 'आयनोड' म्हणतात. फाइल किती मोठी, कोणाच्या मालकीची, केव्हा लिहिली आणि तिचा माल कोणकोणत्या खणांत आहे, हे सारे या खात्यात टिपलेले असते. खात्याला क्रमांक असतो, पण नवल असे की, फाइलीचे नाव मात्र त्यात नसते! नावे निराळ्या यादीत असतात. 'मुंजीचे फोटो' या नावासमोर यादीत फक्त खात्याचा क्रमांक लिहिलेला असतो. त्या यादीला आपण 'फोल्डर' म्हणतो. सगळ्या याद्यांची जी मूळ यादी, तिच्या खात्याचा क्रमांक नेहमी २ असतो.

याखेरीज कोणता खण भरलेला आणि कोणता मोकळा, याचा एक तक्ता असतो. आणि सर्वांच्या आधी असते वहीचे पहिले पान. त्याला 'सुपरब्लॉक' म्हणतात. कोठी केवढी, खण केवढा, खाती किती, ही सगळी मूळ माहिती या अवघ्या १,०२४ बाइटांच्या पानावर असते. ते वाचता आले नाही, तर संगणक कोठीच्या दाराशीच अडतो.

वाचकांनी एवढे एकच ध्यानात ठेवावे: नाव एकीकडे, खाते दुसरीकडे आणि माल तिसरीकडे. पुढच्या साऱ्या कहाणीचे मर्म यातच आहे. कारण 'फाइल सिस्टिम बिघडली' असे जेव्हा आपण ऐकतो, तेव्हा पुष्कळदा नाव किंवा खाते तेवढे बिघडलेले असते. माल आपल्या खणात निमूटपणे बसलेला असतो.

वही फाटते कशी?

पहिले कारण आपल्या नेहमीच्या परिचयाचे. वीज जाते! एक फाइल ठेवायची म्हणजे खण भरायचे, तक्त्यात खूण करायची, खाते लिहायचे आणि यादीत नाव घालायचे, अशी चार कामे. त्यांतली दोन झाली आणि दिवे गेले, तर वहीत मेळ राहत नाही.

यावर तिसऱ्या आवृत्तीपासून एक उत्तम तोड काढलेली आहे, आणि ती आपल्या व्यापाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक आहे. ती म्हणजे रोजकीर्द! व्यापारी प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग सावकाश खतावणीत चढवतो. संगणकही वहीतला प्रत्येक बदल आधी 'जर्नल' नावाच्या रोजकीर्दीत लिहितो. मधेच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना तो रोजकीर्द वाचतो, पुरे लिहिलेले व्यवहार खतावणीत चढवतो आणि अर्धवट राहिलेले सोडून देतो. म्हणूनच वीज गेली की दर वेळी वही फाटते असे नाही. मात्र नेहमीच्या पद्धतीत या रोजकीर्दीत वहीतल्या नोंदीच लिहितात, खुद्द माल लिहीत नाहीत, हेही विसरू नये.

दुसरे कारण, डिस्कच झिजते. तिच्यावरचे काही भाग वाचता येईनासे होतात. तिसरे, संगणकाच्या स्मरणपट्टीत दोष निघतो आणि लिहायचे एक, लिहिले जाते भलतेच. चौथे, सैल झालेली केबल. या आजारांवर रोजकीर्दीचा उपाय चालत नाही. दिवाणजीच भ्रमिष्ट झाला, तर त्याने रोजकीर्दीत जे खरडले त्यावर भरवसा कोण ठेवणार?

आजाराची लक्षणेही ठरलेली आहेत. फाइल उघडते, पण जतन होत नाही. कारण वहीत मेळ नाही असे दिसताच लिनक्स पुष्कळदा लिहिण्याला बंदी करून केवळ वाचण्याची मुभा ठेवते. घरातली शहाणी मोलकरीण जशी फुटका रांजण पाहून पाणी भरायचे थांबते, तसेच हे. कधी एखादे फोल्डर रिकामेच दिसते. कधी पडद्यावर 'रचनेची सफाई करणे आवश्यक आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटते. आणि खरा घात होतो तो या सफाईच्या शब्दानेच.

मोती हरवला तर केर काढू नका!

नथीतला मोती घरात कुठेतरी पडला, तर जाणती आजी पहिली आज्ञा कोणती देते? "कोणी केर काढू नका! आहात तिथे उभे राहा!" मोती घरातच असतो. केरसुणी फिरली की मात्र तो थेट उकिरड्यावर जातो. फाटलेल्या वहीच्या बाबतीत सगळे शास्त्र या एका आज्ञेत सामावलेले आहे.

समजा, ठाण्यातल्या एका कुटुंबात अशी एक साठवणपेटी आहे. पंधरा वर्षांचे फोटो तिच्यात आहेत. थोरल्याची मुंज, धाकटीचे बारसे आणि आज हयात नसलेल्या आजोबांच्या आवाजातली रामरक्षा. एका पावसाळी रात्री वीज तीनदा येते-जाते आणि सकाळी पेटीत काहीच दिसेनासे होते. आता घरात काय काय होईल पाहा. वडील पेटी पुन्हापुन्हा बंद-चालू करतील. थोरला चिरंजीव डिस्क काढून आपल्या विंडोज संगणकाला जोडील. त्या संगणकाला लिनक्सची वही वाचता येत नाही, तो भाबडेपणाने विचारील, "ही डिस्क फॉरमॅट करू का?" आणि शेजारचे कोणी 'तज्ज्ञ' म्हणतील, "करा हो, करून तर पाहा!"

'फॉरमॅट' म्हणजे जुनी वही फेकून तिच्या जागी कोरी वही ठेवणे. तेव्हा उत्तर एकच: नाही!

दुसरा मोह दुरुस्तीचा. लिनक्समध्ये 'एफएसचेक' म्हणून ओळखले जाणारे वही तपासण्याचे साधन आहे. ते चांगलेच आहे. परंतु त्याचे काम वहीचा मेळ बसवणे. तुमचा माल वाचवणे नव्हे. ज्या खात्याचा मेळ बसत नाही, ते खाते ते सरळ खोडूनही टाकील. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणण्याची आज्ञा देऊन ते मूळ डिस्कवर सोडणे, म्हणजे मोती सापडण्याआधीच केरसुणी फिरवणे.

चुकून पुसलेल्या फाइलीचीही हीच गोष्ट. फाइल पुसली म्हणजे तिचे खण मोकळे आहेत अशी खूण तक्त्यात होते; आतला माल तसाच असतो. त्यावर दुसरा माल येऊन पडेपर्यंतच त्याचे आयुष्य. म्हणून त्या डिस्कवर पुढे एक अक्षरही लिहायचे नाही. येथे एक धोक्याचा इशारा द्यायला हवा. नव्या पद्धतीच्या एसएसडी डिस्कांना 'हे खण आता मोकळे' असे कळवण्याची सोय असते आणि मग त्या ते खण आपणहून साफ करून टाकतात. तिथे पुसलेला माल परत मिळण्याची आशा फार कमी.

ताबडतोब थांबण्याचे महत्त्व 'टॉय स्टोरी २' या गाजलेल्या अमेरिकन चित्रपटाच्या निर्मात्यांना १९९८ साली कळले. पिक्सार स्टुडिओतल्या युनिक्स-लिनक्स कुळीच्या सर्व्हरवर कोणीतरी फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि पडद्यावर पाहता पाहता चित्रपटातली पात्रे नाहीशी होऊ लागली. ओरेन जेकब यांनी यंत्रांच्या खोलीत फोन करून यंत्राची पिनच उपसायला सांगितली. तोवर चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला होता आणि बॅकअप काढून पाहिला, तर तोही सदोष निघाला. सुदैवाने गॅलिन सुसमन या बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा जपून गाडीतून स्टुडिओत आणला गेला. पुढे १९९९ मध्ये चित्रपट झळकला. आधीच पुसलेले पिन उपसल्याने परत येत नाही. जे उरले आहे ते मात्र वाचते.

आधी नक्कल, मग अक्कल

आता आपल्या ठाण्याच्या कुटुंबाकडे वळू. त्यांचे नशीब बलवत्तर. फॉरमॅटच्या प्रश्नाला थोरल्याने 'नाही' म्हटले आणि एका जाणकार मुलाला बोलावले.

"अहो, फोटो आहेत की गेले, तेवढे आधी सांगा!" आई अधीर होऊन विचारते.

"काकू, कोठीचं दार उघडण्याआधी मला कोठीची अख्खी नक्कल करू द्या. मग जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर."

हा मुलगा खरा जाणकार! मूळ डिस्कवर एकही प्रयोग करायचा नाही, हा या विद्येचा पहिला धडा आहे. तो तेवढीच किंवा त्याहून मोठी नवी डिस्क आणवतो आणि 'डीडीरेस्क्यू' नावाचे साधन चालवतो. अँतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेले हे साधन फुकट मिळते. फायली, नावे, खाती यांच्या भानगडीत ते पडत नाही. पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत जे असेल ते जसेच्या तसे उतरवते. त्यातही त्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी सुखासुखी वाचता येणारे भाग भराभर उतरवून घ्यायचे. खराब भाग आला की तिथे डोके न आपटता पुढे जायचे. आणि सोपे सारे पदरात पडल्यावर मग खराब जागांकडे परतून जेवढे खरवडून निघेल तेवढे काढायचे. कोणता भाग झाला आणि कोणता राहिला, याचे टिपण ते ठेवते. त्यामुळे मधे काम थांबले, तरी पुन्हा पहिल्यापासून आरंभ नको. परीक्षेला बसणाऱ्या मुलांनीही हा गुण घ्यावा! मात्र मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती, हे सांगताना उलटापालट झाली, तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरल्या डिस्कवर उतरायची. म्हणून शहाणा माणूस ही आज्ञा तीनदा वाचतो.

डिस्कमधून 'टकटक' असा आवाज येत असेल, तर हेही करू नये. तो यंत्राच्या अवयवांचा आजार असतो. डिस्क बंद करावी आणि धूळविरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या तज्ज्ञांकडेच न्यावी. खर्च बराच येतो. पण घरच्या खटपटीने तबकडीवर ओरखडे उठले, तर मग पैसे टाकूनही उपयोग नाही.

फाटलेली पाने जुळतात

नक्कल झाली. आता तिच्यावर प्रयोग. पण इथेही एक खुबी आहे. लिनक्सला 'फक्त वाच' असे सांगून वही उघडली, तरी ते जाता जाता रोजकीर्दीतले राहिलेले व्यवहार खतावणीत चढवते! म्हणजे वाचता वाचता लिहिते. म्हणून जाणकार त्याला 'रोजकीर्दीला हात लावू नकोस' असेही वेगळे बजावतो.

वही उघडत नाही. पहिले पान, म्हणजे सुपरब्लॉक, वाचता येत नाही. आई कपाळाला हात लावते. पण वही आखणारे लोक दूरदृष्टीचे होते. पहिल्या पानाच्या नकला त्यांनी वहीत ठिकठिकाणी घालून ठेवल्या आहेत. नेहमीच्या मापाच्या खणांत पहिली नक्कल सापडते ३२,७६८ व्या खणात, पुढची ९८,३०४ व्या, त्यापुढची १,६३,८४० व्या. डिस्कचा आरंभ खराब झाला, तरी शेकडो मेगाबाइट पुढे असलेली ही पाने सहसा सुखरूप असतात. जाणकार तपासनिसाला सांगतो, "पहिले पान सोड, ३२,७६८ वे पान खरे मान," आणि बंद दार किलकिले होते.

या नकलांची ठिकाणे विचारण्याची जी आज्ञा आहे, ती आणि नवी कोरी वही घालण्याची आज्ञा एकच आहे. फरक एका अक्षराचा! ते अक्षर राहिले, तर 'ध'चा 'मा' होतो आणि आधीच जायबंदी झालेल्या वहीचा नारायणराव व्हायला वेळ लागत नाही. सारे प्रयोग नकलेवर का करायचे, हे यावरूनही उमगावे.

मग तपासनीस वहीवरून पाच फेऱ्या घालतो. पहिल्या फेरीत प्रत्येक खाते पाहतो आणि एकच खण दोन खात्यांवर तर चढलेला नाही ना, हे तपासतो. दुसरीत नावांच्या याद्या. तिसरीत प्रत्येक यादी मूळ यादीला जोडलेली आहे की नाही. चौथीत एका खात्याला कितीजण नावाने हाक मारतात याची मोजदाद. पाचवीत भरल्या-मोकळ्या खणांच्या तक्त्याचा ताळा. जाणकार आधी 'काही बदलू नकोस, फक्त सांग' अशी आज्ञा देऊन हे सर्व बघून घेतो आणि मगच दुरुस्तीला परवानगी देतो.

चौथ्या फेरीत काही खाती अशी निघतात की, खाते ठीक, खणांत मालही ठीक, पण कोणत्याच यादीत त्याचे नाव नाही. यादीचे ते पानच फाटलेले असते. अशा अनाथ फाइलींसाठी लिनक्सने 'हरवले-सापडले' या अर्थाच्या इंग्रजी नावाचे एक फोल्डर राखलेले आहे. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत छत्र्या आणि ट्रंका असतात तशा या फाइली तिथे येऊन बसतात. नाव नाही, नुसता बिल्ला. खात्याचा क्रमांक हेच त्यांचे नाव. त्यांतली कोणती छायाचित्र आहे, कोणती ध्वनिफीत, कोणते पत्र, हे फाइलीच्या आतले काही बाइट पाहून सांगणारे साधन लिनक्समध्ये असते.

आणि खातेच नष्ट झाले असेल तर? तेव्हाही एक शेवटचा मार्ग उरतो. मालावरूनच माल ओळखायचा! डोळे मिटूनही गृहिणी वासावरून धणे कोणते आणि जिरे कोणते हे सांगते ना? जेपीजी प्रकारच्या प्रत्येक फोटोची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, शेवटही ठरावीक बाइटांनी होतो. पीडीएफ दस्तऐवजाच्या आरंभी त्याचे नावच लिहिलेले असते. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचे 'फोटोरेक' हे मोफत साधन वहीकडे ढुंकूनही न पाहता कोठीतला एकेक खण हुंगत जाते आणि अशा खुणांवरून फाइली उचलते. मूळ नावे मात्र परत येत नाहीत; आणि ज्या फाइलीचे खण इकडेतिकडे विखुरले असतील, ती अर्धवट हाती लागते.

ठाण्याच्या घरी रात्री अकरा वाजता हिशेब असा झाला: बहुतेक फोल्डर नावासकट परत आले. काही शे फाइली बिल्ल्यावर आल्या. खराब भागात सापडलेले बारशाचे काही फोटो मात्र गेले ते गेलेच. वरून निम्मे दिसतात आणि खाली करडी पट्टी. आणि रामरक्षा? यादीत नव्हती. बिल्ल्यांच्या ढिगाऱ्यात ध्वनिफिती वेगळ्या काढल्या, एकेक लावून पाहिली. सातव्या फितीला आजोबांचे खाकरणे ऐकू आले आणि आई पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात निघून गेली. अशा पेट्यांत माणसे काय साठवून ठेवतात, हे त्या घरात त्या रात्री वेगळे सांगावे लागले नसते.

आरशाचा भरवसा

"पण आमच्या पेटीत तर दोन डिस्का होत्या!" वडिलांची तक्रार. "एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जायचं. तरी असं का व्हावं?"

हा गैरसमज मोठमोठ्यांचा होतो. 'केडीई' हा मोफत संगणकप्रणाली तयार करणाऱ्या जगभरच्या स्वयंसेवकांचा प्रकल्प. त्यांचे सारे लेखन एका मुख्य सर्व्हरवर असे आणि त्याच्या प्रतिमा इतर सर्व्हरांवर ठराविक काळाने आपोआप उतरत. २२ मार्च २०१३ रोजी सुरक्षेच्या कामासाठी मुख्य सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा त्यातली एक्स्ट-फोर वही बिघडलेली आढळली. "हरकत नाही, प्रतिमा आहेत," असे म्हणावे, तर त्या आज्ञाधारक प्रतिमांनी बिघाडही इमानेइतबारे उतरवून घेतला होता! सुमारे दीड हजार कोशांतले वर्षानुवर्षांचे श्रम जाण्याच्या बेतात आले. नव्यानेच उभ्या केलेल्या एका सर्व्हरवर तेवढी चांगली प्रत शिल्लक राहिली होती, म्हणून सारे वाचले.

तात्पर्य, आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. तोंडाला काजळ लागले की आरशातल्या तोंडालाही त्याच क्षणी लागते. दोन डिस्कांची जोडी एक डिस्क मेली तर उपयोगी पडते. वहीत चूक लिहिली गेली, तर ती दोन्हींवर लिहिली जाते. बॅकअप म्हणजे कालची प्रत, परवाची प्रत, जिच्यापर्यंत आजची चूक पोहोचू शकत नाही.

पाडव्याला एवढे करा

या पाडव्याला घरात तीन गोष्टी कराव्यात. मोलाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात: दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा गावच्या घरी. आग आणि पूर आरसाही पाहत नाहीत आणि मूळ डिस्कही पाहत नाहीत. दुसरे, पेटीला बॅटरीचा आधार द्यावा, म्हणजे वीज गेल्यावर तिला रीतसर मिटून बसायला उसंत मिळेल. आणि तिसरे, त्या पेटीवर एक चिठ्ठी डकवावी: 'काही दिसेनासे झाले तर हात लावू नये. फॉरमॅटला नाही म्हणावे. आधी नक्कल.'

आणि तीन प्रती केल्या म्हणून निश्चिंतही राहू नका. पिक्सारमध्ये बॅकअप होता. तो उघडून मात्र कोणी पाहिला नव्हता. सुटीच्या दिवशी ती बाजूला ठेवलेली डिस्क काढा, सगळ्या घराला भोवती बसवा आणि तीतला कोणताही एक जुना फोटो उघडून पाहा. उघडला, तर दिवाळी गोड झाली. नाही उघडला, तरीही ती गोडच समजा. कारण मूळ माल अजून शाबूत आहे आणि नवी प्रत काढायला आजचा दिवस मोकळा आहे.